शेजारचा विस्तव

दासगाव नजरेच्या टप्प्यात आले आणि आमची लाँच चिखलात बसली. समोर धक्का दिसत होता, धक्क्यावरची माणसे दिसत होती, त्यांच्या डोक्यावरच्या टोपल्याही ओळखू येत होत्या. पण सावित्रीच्या खाडीला ओहोटी लागली होती. मुंबईहून आगबोटीने बाणकोट गाठावे, तिथल्या छपरीत बोचक्याला टेकून रात्र काढावी, पहाटे लाँच धरावी आणि माहेर हाताशी आले असे वाटताच असे अडकून पडावे. तांडेलाला (लाँच चालवणाऱ्याला) त्याचे काही नव्हते. त्याने बिडी पेटवली आणि कठड्यावर पाय सोडून तो निवांत बसला.

"पानी येल तवा जाऊ, बाय," तो म्हणाला. "आपन घाई केली म्हनून पानी काय लवकर नाय येत."

मला त्याचे पटले. माझ्या मुलांना पटले की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण ती दोघे एकमेकांशी बोलत नव्हती. इंदू माझ्या उजव्या हाताला बसली होती, यशवंत डाव्या हाताला. "आई, ताईला विचार, पाणी हवंय का," असे तो मला म्हणे. "आई, त्याला सांग, माझं मला घेता येतं," असे ती मला म्हणे. दोघांना एकमेकांचे स्पष्ट ऐकू येत असे, तरी निरोप माझ्यामार्फतच जायचा. मुंबईपासून मी हे तारमास्तराचे काम बिनपगारी करीत आले होते.

हे प्रकरण काय होते ते आधी सांगते, नाहीतर पुढच्या प्रवासात वाचकांना गोडी वाटायची नाही. इंदू माझी थोरली, संसारात छान रुळलेली. यशवंत तिच्या पाठचा, मॅट्रिक होऊन नोकरीसाठी वणवण करणारा. गेल्या पावसाळ्यात आमच्या जावयांनी आपल्या रेल्वेच्या कचेरीत साहेबांकडे शब्द टाकला आणि मेहुण्यासाठी एक जागा पाहिली. इंदू पेढ्यांचा पुडा घेऊन भर पावसात ही बातमी सांगायला आली. यशवंताने पुड्याला हातही लावला नाही. "ताई," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या चुलीतला विस्तव आपल्या घरात कोणी मागत नाही. आजीची शिकवण आहे. तू विसरली असशील, मी नाही."

त्यातला 'दुसऱ्याच्या' हा शब्द इंदूच्या काळजात रुतला. भावाने आपल्याला एका शब्दात परके करून टाकले, असे तिला वाटले. ती पुडा तसाच ठेवून भिजत निघून गेली, आणि तेव्हापासून हा अबोला. आता जावयांची नागपूरला बदली झाली होती. ते पुढे गेले होते आणि या प्रवासाहून परतल्यावर इंदूही जायची होती. नागपूर म्हणजे काही गिरगावातून परळला जाणे नव्हे. जवळ राहणाऱ्या बहीणभावांच्या अबोल्याला लोक रुसवा म्हणतात. मध्ये एवढा मुलूख आला की तो तसाच वाळून कडक होतो. तो तसा होण्याआधी दोघांना माझ्या माहेरी न्यायचे, माझ्या आईच्या अंगणात बसवायचे आणि तिचे चार शहाणपणाचे शब्द त्यांच्या पदरात टाकायचे, असा माझा बेत होता. आई जाऊन बरीच वर्षे झाली, पण तिचे शब्द मला पाठ आहेत, अशी माझी समजूत होती.

त्या शब्दांतला मुख्य शब्द चुलीचाच होता. 'आमच्या आईच्या चुलीतला विस्तव कधी विझला नाही, शेजारी मागायला जायची वेळ तिने घरावर येऊ दिली नाही,' हे मी मुलांना अगदी लहानपणापासून भातावर तूप वाढावे तसे वाढले आहे. तेव्हा यशवंत जे बोलला ते माझ्याच तोंडचे होते. मला त्याला रागवताही येईना.

भरती थोडी चढली आणि लाँच धक्क्याला लागली. धक्का आणि लाँच यांच्यामध्ये एक फळी टाकलेली होती. तांडेलाने हात पुढे केला, मागून मुलांनीही केला. "मला नको कुणाचा हात," असे म्हणून मी ऐटीत पाऊल टाकले आणि घोट्यापर्यंत नव्हे, चांगली कमरेपर्यंत चिखलात गेले. धक्क्यावरच्या कोळणी तोंडाला पदर लावून हसल्या. इंदू आणि यशवंतही हसले, पण दोघांनी दोन दिशांना तोंडे फिरवून.

अशा अवतारात महाडच्या बाजारातून जाणे शक्यच नव्हते, म्हणून आम्ही होडी करून आधी सवेला गेलो. तिथे नदीकाठी ऊन पाण्याची कुंडे आहेत. खाली जाळ नाही, वर धूर नाही, आणि पाणी मात्र माघाच्या थंडीत वाफाळत असते. मी लुगड्यासकट पाण्यात बसले, आणि प्रवासाचा शीण, चिखल आणि मघाचा अपमान तिन्ही बरोबरच उतरले. शेजारी एक म्हातारी गुडघे शेकत होती. उठताना तिने इंदूला खुशाल हाक मारली, "गो पोरी, येवढं लुगडं पिळून दे. माज्या हातात जोर नाय." ना ओळख, ना पाळख. इंदूने लुगडे पिळले, झटकले, वाळत घातले, वर म्हातारीला पायऱ्यांवरून वर नेऊन बसवले. परत आली तेव्हा मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा खुललेला दिसला. मी ते पाहिले, पण ऊन पाण्याचा गुण म्हणून सोडून दिले.

महाडला एका खाणावळीत जेवलो. वालाची उसळ, कुळथाचे पिठले, लाल तांदळाचा भात आणि वर ताक. खाणावळीची बाई आग्रह करकरून वाढत होती. जेवणानंतर मी प्रस्तावना म्हणून आईची गोष्ट काढली. "तुमची आजी रात्री निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची..." मी सुरुवात केली. इंदू हात धुवायला उठलीच. "आई, ती गोष्ट यशवंताला फार चांगली पाठ आहे," ती म्हणाली. यशवंत ताटातल्या मिठाकडे पाहत राहिला. प्रस्तावनेतच ग्रंथ आटोपला.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरला जायला मोटार मिळाली. आमच्या लहानपणी या वाटेला बैलगाडीशिवाय काही नव्हते. आता मोटार धावते, म्हणजे सपाटीला धावते आणि चढ आला की म्हशीसारखी उभी राहते. अर्ध्या वाटेवर तिच्या तोंडातून वाफा येऊ लागल्या. ड्रायव्हर उतरला आणि रस्त्याकडेच्या घरासमोर उभा राहून ओरडला, "ओ वयनी, पानी द्या. आनी घागर बी द्या, मोटारीत भांडं नाय." घरातल्या बाईने घागर दिली, वर आपला चुलता बरोबर धाडला. चुलता मोटारीला पाणी पाजून झाल्यावर आमच्याशी गप्पा मारत उभा राहिला आणि निघताना आम्हालाच म्हणाला, "परत येताना थांबा हितंच." मोटार थांबवायची की नाही हे जणू आमच्याच हाती होते.

पोलादपूरपासून आमची वाडी डोंगराच्या कुशीत, चढणीवर आहे. बोचकी खांद्यावर घेऊन निघालो. समोर महाबळेश्वरचे डोंगर निळे दिसत होते. उतारावर जागोजाग काळे चौकोन होते. ते राब (पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, ती जागा). जळक्या पाल्याचा वास आला आणि माझे पाय आपोआप भरभर उचलू लागले. माहेरच्या वासाला वय कळत नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बांधावर वाट बघत उभा होता. वहिनीने पायांवर पाणी घातले, डोळ्यांना पाणी लावले. नाचणीची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि पावट्याची आमटी खाऊन आम्ही अंगणात आगटीपाशी (शेकोटीपाशी) बसलो. दिवस नुकताच मावळला होता आणि थंडी उतरत होती. तेवढ्यात शेजारच्या घरातून काठी टेकत ठकूआते आली. ही आईच्या बरोबरीची, नात्याने लांबची आणि भिंतीने जवळची. तिच्या डोळ्यांवर आता सारा पडदा आलेला. तिने माझा चेहरा बोटांनी चाचपला, मग इंदूचा, मग यशवंताचा.

"ह्याचं नाक आजीचं हाय," ती म्हणाली.

मला वाटले, हीच वेळ. साक्षीदारही आयता चालून आला आहे. मी पदर सावरून बसले. "आते," मी म्हटले, "या मुलांना तूच सांग. आमच्या आईच्या चुलीतला विस्तव कधी विझला नाही. ती कधी कुणाच्या दारात विस्तव मागायला गेली नाही. खरं ना?"

ठकूआते एवढी हसली की तिला ठसका लागला.

"मागायला नाय गेली? गो, तिच्यावानी इस्तव मागनारी बाय ह्या वाडीत दुसरी झाली नाय. कोनाशी भांडन झालं की दुसऱ्या दिवशी फाटं (पहाटे) खापरी घेऊन त्याच्याच दारात हजर."

दादा मान हलवून हसत होता. म्हणजे हे सगळ्या वाडीला ठाऊक होते, माझ्याखेरीज.

"एकदा तुमच्या बैलानं माजे पावटे खाल्लान," आते इंदूकडे तोंड करून सांगू लागली. "मी तुज्या आजीला नाय नाय ते बोलले. सारी वाडी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी उजाडलं नाय तर ही दारात. 'ठकू, इस्तव दे.' मी म्हटलं, 'तुज्या कौलांतून धूर निघतोय, मला काय डोळे नाय?' तर म्हनते, 'माजा इस्तव धड नाय, तुजाच दे.'"

"मग?" इंदूने विचारले.

"मग काय. इस्तवाला नाय कोन म्हनतं? खापरीत निखारे घातले, वर शेनीचा तुकडा ठेवला. आनी तिच्यामागून मीच गेले तिची चूल फुंकायला. तिला फुंकायला जमत नाय असं दाखवलंन ना. दोघींनी फुंकली, चहा नव्हता तवा, पेज प्यालो. पावट्याचं कोनी काडलंच नाय."

"पण आते," मी म्हटले, माझा आवाज थोडा चढलाच, "ती मला म्हणायची की चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. रोज रात्री राख ओढून ठेवायची, मी बघितलंय."

"म्हनायची ना. आपलाच विझला तर मागायला आलेल्याला काय देशील? म्हनून झाकून ठेवायची. कोन कवा येल सांगता येत नाय."

 परकर नेसायच्या वयात माझे लग्न झाले आणि मी मुंबईला गेले. आईने मला राख ओढायला शिकवले तेवढे मी घेऊन गेले. ती कशासाठी, हे शिकायच्या आत माझी बोट सुटली. उरलेले मी गिरगावातल्या खोलीत मनाने घातले असणार. परक्या शहरात, कुणाकडे काही मागायची भीती वाटायच्या दिवसांत, मला ते तसे हवे होते. वाईट वाटले म्हणावे तर तसे वाटले नाही. एवढ्या वर्षांनी आई मला नव्याने भेटली, आधीपेक्षा जास्त हुशार आणि जास्त लबाड, याचाच आनंद मोठा होता.

यशवंत काटकीने निखारे हलवत होता. वर न बघता त्याने विचारले, "म्हणजे आजी कमीपणा घ्यायची?"

"कमीपना कसला रे? भांडल्यावर कोन काय घेऊन आला तर वाटतं, आला मोठा देनारा. मागायला आला तर वाटतं, हा आपलाच हाय. देनाऱ्याला बरं वाटतं रे बाळा. ते त्याला वाटू द्यावं, असं ती म्हनायची." मग तिने आगटीकडे हात पसरले आणि म्हणाली, "लाकूड घाल आनखी, थंडी वाजते."

यशवंताने लाकूड घातले.

आता वाचकांना वाटेल की दुसऱ्या दिवशी पहाटे माझा मुलगा खापरी घेऊन बहिणीसमोर उभा राहिला. मलाही तसेच वाटले होते. मी उजाडायच्या आत उठून ओटीवर बसले होते, पण तसले काही झाले नाही. यशवंत मामाबरोबर राब बघायला गेला. इंदू मामीबरोबर भात कांडायला बसली. जेवायला दोघे आले, तर एक इकडच्या भिंतीला आणि एक तिकडच्या. आम्ही वाडीत होतो ते सारे दिवस असेच गेले. दिवस फार सुखाचे होते, हे कबूल केले पाहिजे. वहिनीच्या हातचा खरवस, दादाच्या जुन्या गोष्टी, डोंगरावरून उतरणारे कोवळे ऊन. पण मुलांचा विचार मनात आला की घास तोंडातच फिरायचा. मी मध्ये बोलले मात्र नाही. ठकूआतेने सांगितले ते माझ्यापेक्षा बरे सांगितले होते, त्यावर पुन्हा माझी शेपूट कशाला.

निघायच्या दिवशी सारी वाडी बांधापर्यंत आली. वहिनीने नाचणीचे पीठ बांधून दिले. ठकूआतेने माझा हात धरला आणि म्हणाली, "गो, पुढच्या खेपेला येशील तवा मला मुंबईची सुई आन. बारीक. हितली जाड असते, कापड फाडते."

"आणते, आते," मी म्हटले.

"आनशील ना? इसरायचं नाय."

"नाही विसरणार."

उतार अर्धा उतरून झाला असेल. पुढे यशवंत, मध्ये मी, मागे इंदू. अचानक मागून इंदूचा आवाज आला. "आई, आतेला तर दिसत नाही. मग ती बारीक सुई घेऊन करणार काय?"

मी थांबले. खरेच की. जिला माणसाचा चेहरा चाचपून ओळखावा लागतो ती सुईत दोरा कसा ओवणार?  वळून पाहिले तर वरच्या बांधावर ठकूआते अजून उभी होती, आम्ही नेमके जात होतो त्याच्या जरा भलत्याच दिशेला तोंड करून. माझे डोळे भरून आले. पुढे चाललेला यशवंतही थांबला होता. तो बराच वेळ वर बघत होता.

पोलादपूरहून मोटार निघाली आणि वाटेत त्याच घरासमोर पुन्हा थांबली, या वेळी तापलेली नसताना. ड्रायव्हर म्हणाला, त्या म्हाताऱ्या चुलत्याने सांगितले होते ना. चुलत्याने आम्हा सगळ्यांना बोरे दिली. महाडला आम्ही थांबलो नाही, सरळ दासगाव गाठले. खाडी काठोकाठ भरलेली होती आणि लाँच धक्क्याला लागून उभी होती. तांडेलाने मला ओळखले आणि मी पडले होते त्या जागेकडे बघून हसू दाबले.

लाँच सुटली. उजव्या हाताला इंदू, डाव्या हाताला यशवंत, मध्ये मी. सवेच्या बाजूचा काठ मागे पडला. मी मनाशी म्हटले, चला, जे हाती होते ते केले. तेवढ्यात इंदूने माझ्यावरून पलीकडे वाकून, मला न विचारता, सरळ हाक मारली.

"यशवंत."

त्याने दचकून पाहिले.

"नागपूरला माझ्याबरोबर येशील? ते दिवसभर कचेरीत असणार. नवं घर, नवं गाव, ओळखीचं कुणी नाही. मला एकटीला जमायचं नाही."

इंदूला सारे जमते, हे आमच्या चाळीत कुणालाही विचारा. तिने लग्नानंतर अख्खे बिऱ्हाड एकटीने लावले होते, आणि यशवंताला ते चांगले माहीत होते. शिवाय दुखावली गेली होती ती इंदू. पेढ्यांच्या पुड्याला हात लागला नव्हता तो तिच्या. मी आठवडाभर डोळे लावून बसले होते यशवंताकडे, की हा कधी मागतो. आणि खापरी घेऊन आली ती ही. जिने द्यायला आणले आणि जिचे नाकारले गेले, तिनेच पुन्हा येऊन मागितले. माझ्या आईनेही यापेक्षा जास्त काही केले नसते.

यशवंत खाडीच्या पाण्याकडे बघत राहिला. त्याचे नाक लाल झाले होते, आजीचे नाक. मग तो म्हणाला, "गाडी केव्हाची आहे, ताई?"

"बुधवारची."

"बरं." आणि थोड्या वेळाने, "तिथे मला काही काम बघता येईल का, भावोजींना विचारशील?"

"तूच विचार ना," इंदू म्हणाली. "त्यांना बरं वाटेल."

त्यानंतर बाणकोटपर्यंत दोघे माझ्या डोक्यावरून जे बोलत सुटले ते थांबेचनात. माझी तारमास्तरकी गेली. शेवटी मी उठून त्यांना एकमेकांशेजारी बसू दिले आणि नाळेकडे (लाँचच्या पुढच्या टोकाला) जाऊन बसले. थंड वारा लागत होता. मी आईचे आभार मानले, ठकूआतेचे मानले, आणि आमच्या त्या बैलाचेही, ज्याने पावटे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आगबोट मुंबईला लागली. धक्क्यावर नेहमीची झुंबड होती, आणि बोट व धक्का यांच्यामध्ये तशीच एक फळी. या खेपेला कुणी हात पुढे केला नाही. मला हात नको असतो हे माझ्या मुलांना लहानपणापासून माहीत आहे. ती दोघे सामान घेऊन पुढे उतरली होती. मी फळीच्या टोकाशी उभी राहिले. फळी रुंद होती, कोरडी होती, मला सहज उतरता आले असते.

"इंदू, यशवंत," मी हाक मारली, "जरा हात द्या रे. मला भीती वाटते."

दोघांनी सामान तिथेच टाकले आणि मागे धावत आले.